जाऊबाई हौदात उतरल्या तवा

कॉटवर पोरगी नव्हती. चादर होती, उशी होती, जाऊबाईनं चिंध्यांची शिवलेली मांजर होती, पोरगी नव्हती. मी कॉटखाली पाह्यलं, दारामागं पाह्यलं, संडासात पाह्यलं, परत कॉटखाली पाह्यलं. जिथं एकदा पाह्यलं तिथंच परत परत पाहत होते. अन् तेवढ्यात बाहेरून माझी सासू वरडली, "अगं माय, हौदाचं झाकण उघडंय!"

मी दारापर्यंत आले अन् चौकट धरून उभी राह्यले. जाऊबाई अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नळाची नळी धरून उभ्या होत्या, हौद भरून आता ड्रम भरत होत्या. त्यांनी नळी टाकली, पाणी साऱ्या अंगणात उडालं, अन् त्या तशाच, पातळासकट, हौदात उतरल्या. उतरल्या कशाच्या, पडल्याच. त्यांना पोहता येत नाय. विहीर दिसली तर दहा हात लांबून चालणारी बाई ती. पाणी छातीला आलं त्यांच्या. भिंतीला धरून धरून पायानं खाली चाचपत होत्या, इकडून तिकडं, तिकडून इकडं, अन् तोंडानं निस्तं "बाई माझी, बाई माझी, बाई माझी." आमच्या पोरीला त्या बाईच म्हणायच्या.

मधीच त्यांच्या पायाला काही लागलं. कपडा. त्यांनी जी किंकाळी फोडली ती अजून माझ्या कानात हाय. खाली वाकल्या, डोकं पाण्यात गेलं, अन् वर आल्या तर हातात जुनं फडकं. कवाचं तळाशी पडलेलं.

त्याच वक्ताला मला आठवलं. पोरगी कुठं हाय ते मला आठवलं.

पण ते सांगायच्या आधी मला बाकीचं सांगू द्या, नायतर तुम्ही मला लगेच वाईट ठरवाल. ठरवायचं तर ठरवा, पण सारं ऐकून ठरवा.

माझा नवरा कंटेनर चालवतो. वाळूजच्या कारखान्यात मोटारसायकली भरायच्या अन् लांब लांब नेऊन खाली करायच्या, आसाम, केरळ, पंजाब. गाडी मालकाची हाय, आमची नाय. लग्न झालं तवा मी सहा महिने बजाजनगरला मोठ्या दिराच्या घरी राह्यले. सासू तिथंच, जाऊबाई तिथंच. हे महिन्यातून दोन दिवस यायचे, दाढी वाढलेली, डोळे लाल. मग यांचा किलीनर काम सोडून पळाला अन् मी म्हणलं, मी येते. सारे हसले. बाई किलीनर! पण मी शिकले. टायर ठोकून हवा पाहायची, काच पुसायची, गाडी मागं घेताना खाली उतरून "येऊ द्या, येऊ द्या" करायचं, रस्ता मोकळा दिसला की पत्र्यावर हातानं दोन टोले द्यायचे. एक टोला म्हंजी थांबा, दोन म्हंजी जाऊ द्या. पोरगी झाली तवा सहा महिने माहेरी काढले, अन् तिला घेऊन परत गाडीत चढले.

सीटच्या मागं झोपायची फळी असते. तिथं गादी टाकलेली, पुढं पडदा. पोरीचं घर तेच. तिला झोपायला पाळणा लागत नाय, गाणं लागत नाय, तिला ती फळी लागते अन् डिझेलचा वास लागतो. माझं काम ठरलेलं. पोरीला फळीवर निजवायचं, तिच्या चपला वरच्या हुकाला अडकवायच्या, कामून तर खाली राहिल्या की यांच्या पायाखाली ब्रेकमधी जातात, पडदा ओढायचा, खाली उतरायचं, टायर ठोकायचे, मागं पाहायचं, दोन टोले द्यायचे, अन् पळत जाऊन आपल्या बाजूनं वर चढायचं. तीन वर्षं. दिवसातून चार-पाच डाव. झोपेत सांगा, मी करीन.

तर त्या मे महिन्यात मालक म्हणला, गाडीच्या पाट्याचं, म्हंजी खालच्या स्प्रिंगांचं, काम करून घ्या अन् आठ-दहा रोज घरी थांबा, माल नाय. लई दिवसांनी अशी सुट्टी भेटली होती. आम्ही दोघं पोरीला घेऊन साऱ्यांना भेटत फिरलो.

आधी फुलंब्रीला, माझ्या आईकडं. आईनं आमरस केला, कुरडया तळल्या, जावईबापू अजून घ्या, जावईबापू अजून घ्या, यांना ताटावरून उठवेना इतकं वाढलं. पोरगी ताटावर नीट बसंना. उकिडवी बसली दारात, भराभरा खाल्लं, हात फ्रॉकला पुसले अन् उभी राहून म्हणती, "चलो चलो, टाइम हो गया." सारे हसून हसून बेजार. आई तिच्या डोक्याला तेल लावत होती, ती नाय हसली. माझ्या कानाशी येऊन म्हणली, "हिच्या केसातून डिझेलचा वास येतो गं. ही शाळेत कवा जायाची?"

मग चिकलठाण्याला, माझ्या मैत्रिणीकडं. आम्ही सातवीपर्यंत एका बाकावर होतो. आमच्या वस्तीवरून पुढची शाळा लांब, म्हून मला काढलं अन् तिच्या बापानं तिला सायकल घेऊन दिली, एवढाच फरक. आता तिचं तिसऱ्या मजल्यावर घर हाय, लिफ्टचं. तिची पोरगी आमच्या पोरीएवढीच. तिनं हात हलवून दोन कविता म्हणल्या, पाटीवर अ काढला, आ काढला. मैत्रिणीचा नवरा भला माणूस, त्यानं आमच्या पोरीला इचारलं, "अन् तुला काय येतं बेटा?"

आमची सोफ्यावर चढली, दोन्ही हात वर केले अन् वरडली, "ओय, साइड दे! अंधा है क्या!" अन् पुढं ते जे ड्रायव्हर लोक म्हणतात ते बी म्हणली.

मैत्रिणीचा नवरा डोळ्यात पाणी येईस्तोवर हसला. मैत्रीण बी हसली, तोंडावर हात ठेवून. पण हसता हसता तिनं आपल्या पोरीला जराशी आपल्याकडं ओढली. तेवढंच. दुसरं काही नाय केलं तिनं. चहा दिला, पोरीला फ्रॉक दिला. पण मला ते ओढणं दिसलं, अन् यांना बी दिसलं.

परत येताना रिक्षात यांनी पोरीला मांडीवर घेतलं. सिडकोच्या तिथं म्हणले, "गाडीत काय शिकणार ही? गेर टाकायला?"

मीच तर रोज म्हणायचे, माझ्यासारखी नको राह्यला ही, हिनं शिकावं.

घरी आलो अन् यांनी जाऊबाईला म्हणलं, "वहिनी, जूनपासून हिला तुमच्याकडं ठेवतो. शाळा दोन गल्ल्या सोडून हाय. तुम्ही सांभाळाल का?"

जाऊबाईला नऊ वर्षांत लेकरू नाय. दवाखाने झाले, देव झाले. त्यांनी पदर तोंडाला लावला अन् आत गेल्या. सासू म्हणली, "जिला आपलं धरता आलं नाय, तिला दुसऱ्याचं काय धरता येणार?" आतूनच जाऊबाई म्हणल्या, "आत्याबाई, तुमी दोन धरले, त्यातला एक गाडी घेऊन पळालाच की." मी हसले. सासू बी हसली थोडी. असं होतं आमचं घर, वाईट नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाऊबाईनं दप्तर आणलं. लाल, वर मासा काढलेला. पाटी आणली, पेन्सिली आणल्या, चिंध्यांची मांजर शिवली. म्हणल्या, "आता हिला इथं निजायची सवय लावते, नायतर तू गेल्यावर रडून घर डोक्यावर घेईल." अन् रोज दुपारी पोरीला कॉटवर घेऊन पडायच्या. पोरगी काही झोपंना. पंख्याकडं पाहायची, भिंतीला पाय लावायची. मग चौथ्या दिवशी मी दारातून पाह्यलं, तर जाऊबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवलाय अन् तोंडानं घुर्रर्र, घुर्रर्र करायल्यात. इंजिनासारखं. मधीच गेर बदलल्यासारखा आवाज बारीक करायच्या, परत मोठा. कधी गाडीत बसल्या नाय त्या, कुठून शिकल्या काय माहीत. अन् पोरगी झोपली.

मला आनंद व्हायला पाह्यजे होता. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. तीन वर्षं ती माझ्या अन् त्या गाडीच्या शिवाय झोपली नव्हती, अन् ह्या बाईनं चार दिवसांत तोंडानं गाडी करून दाखवली.

आता तो दिवस. दीर कामावर गेलेले, अन् नळाची पाळी होती. आमच्या तिकडं नळ रोज येत नाय, आला की सारी गल्ली धावते. अकराच्या सुमाराला जाऊबाईनं पोरीला घुर्रर्र करून कॉटवर निजवलं अन् पाणी आलं म्हून बाहेर पळाल्या. मी आत भाकरी थापत होते. थोड्या येळानं पोरगी उठली. डोळे चोळत माझ्याकडं आली, "आई, गाडीत जायचं."

मी तिला परत कॉटवर निजवू शकत होते. जाऊबाईला हाक मारू शकत होते. पण खरं सांगते, तिनं गाडी मागितली याचं मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. मी तिला उचललं, मागच्या दारानं घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर नेलं, तिथं आमची गाडी उभी होती. फळीवर ठेवलं, चपला हुकाला अडकवल्या, पडदा ओढला. पडदा ओढायच्या आत झोपली ती. मी कुणाला सांगितलं नाय. म्हणलं, पाच मिनिटांनी येऊन पाहू.

खाली उतरले तर जाऊबाईची हाक, "अगं, ये की, ड्रम भर!" मी बादल्या घेऊन पळाले. मग हे आले, खांद्यावर टॉवेल. पाट्याच्या मिस्त्रीचा फोन आला होता, गाडी घेऊन या म्हून. हे वर चढले, गाडी चालू केली, काचेतून वरडले, "पाह्य गं मागं!" मी बादली खाली ठेवली. मागं गेले, एक गाय उभी होती ती हाकलली, जाता जाता टायरला पायानं ठोकलं, अन् पत्र्यावर दोन टोले दिले.

गाडी गेली. मी बादली उचलली अन् नळाकडं गेले.

मी लई डाव विचार करते, कशी इसरले मी? अन् मला एकच सापडतं. पोरगी आत झोपलीय, मी दोन टोले दिले अन् गाडी चालू झाली, यात माझ्या जिवाला काही वावगं वाटलंच नाय. ते रोजचंच होतं. सारं रोजच्यासारखं झालं, फक्त त्या दिवशी मी पळत जाऊन वर चढले नाय.

अर्ध्या घंट्यानं सासूनं इचारलं, "पोरगी उठली नाय का अजून?" जाऊबाई म्हणल्या, "निजवलीय मी कॉटवर." मी आत पाहायला गेले. बाकी तुम्हाला सांगितलंय.

फडकं वर आलं अन् मला आठवलं. तवा मी वरडायला पाह्यजे होतं, जाऊबाई, वर या, ती गाडीत हाय, मीच ठेवली. पण मी काय केलं? मी भिंतीआड गेले अन् यांना फोन लावला. कोण जाणे, फळीवरून पडली असंल, दार उघडलं असंल, मनात काय काय येत होतं. रिंग जात होती अन् हे उचलत नव्हते. पहिली रिंग पुरी वाजून बंद झाली. दुसरी लावली. तेवढा येळ जाऊबाई हौदातच होत्या. मला पाण्याचा आवाज ऐकू येत होता, त्यांच्या पायाचा. दोन रिंगा मी त्यांना तसंच चाचपू दिलं.

यांनी उचलला. मी म्हणलं, "पडद्यामागं पाहा." हे म्हणले, "कामून?" मी म्हणलं, "पाहा ना!" मग गाडी बाजूला घेतल्याचा आवाज, अन् मग, "अगं, ही तर इथं झोपलीय! कवा चढली ही?"

कवा चढली ही. यांनीच मला ते दिलं. मी मागितलं नव्हतं.

मी अंगणात पळाले, "सापडली, सापडली, गाडीत हाय, झोपलीय!" सासू मटकन खाली बसली. शेजारच्या दोघी-तिघी आल्या होत्या, त्यांनी जाऊबाईला हाताला धरून वर ओढलं. अंगावरून पाणी गळतंय, कोपर सोललेलं, दात वाजायले मे महिन्याच्या उन्हात. सासूनं इचारलं, "पण गाडीत गेली कशी?"

मी म्हणलं, "चढली असंल."

एवढंच. दोन शब्द. पोरगी चढते हे साऱ्यांना माहीत, माकडासारखी चढते, म्हून कुणी परत इचारलंच नाय.

हे पोरीला घेऊन आले. जाऊबाई ओल्याच गाडीकडं गेल्या. पोरीला खाली घेतलं, छातीला लावलं, पोरगी म्हणती, "मोठी आई, तू नाहली का?" मग त्या चपला घ्यायला पायरीवर चढल्या. चपला वरच्या हुकाला होत्या. जाऊबाईला बी हात उंच करावा लागला. पोरीचा हात तिथं तीन जन्मात पोचणार नाय. त्यांनी चपला काढल्या, त्यांच्याकडं पाह्यलं, अन् मग माझ्याकडं पाह्यलं.

मी खाली पाह्यलं.

मला वाटलं आता बोलतील. सासू तवाच सुरू झाली होती, साऱ्या गल्लीसमोर, "तुझ्या भरवशावर दिली होती. झाकण उघडं टाकलं, पोर सोडली, अन् निघाली नळाला! देवानं तुला दिलं नाय तेच बरं केलं." यांनी मधी तोंड घातलं, "आई, गप. गाडीचं दार मीच उघडं ठेवलं होतं, चूक माझी बी हाय." यांची काही चूक नव्हती. तरी यांनी घेतली. अन् मी तिथंच उभी, पोरीच्या फ्रॉकचं बटण लावत.

जाऊबाई म्हणल्या, "व्हय, माझंच चुकलं. हिला घेऊनच जा तुम्ही. माझ्याच्यानं नाय व्हायचं." अन् चपला माझ्या हातात दिल्या.

त्यांना कळलं होतं का? मला वाटतं कळलं होतं. मला वाटतं, मला पोरगी द्यायची नाय हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

तीन दिवसांनी माल लागला. निघताना त्यांनी दप्तर आणून सीटवर ठेवलं. "पाटी हाय यात. चालत्या गाडीत लिहायला लावू नको, डोळे जातील." मग पायरीवर चढून, पडदा सारून, पोरगी आत हाय का ते पाह्यलं. गाडी हलली तवा मी त्यांच्याकडं पाह्यलं नाय, आरशात बी नाय.

आता वर्ष होत आलं. पोरगी ग पर्यंत लिहिते. घ तिला जमत नाय, अन् मी हात धरून शिकवावं तर नेमकं टोल नाका येतो. चिंध्यांची मांजर ती संगं घेऊन झोपते, अन् इंजिन बंद असलं की मला म्हणती, मोठ्या आईसारखं घुर्रर्र कर. मला येत नाय तसं.

जाऊबाईचा फोन येतो. त्या निस्तं इचारतात, "बाई झोपली का?" अन् मागच्या महिन्यात सासूनं फोनवर सांगितलं, मोठ्या खुशीत, की आधी गल्लीतल्या कामाला जाणाऱ्या बाया आपली लेकरं दुपारची जाऊबाईकडं ठेवायच्या, आता कुणी ठेवत नाय. सासूनंच साऱ्यांना सांगितलंय, हिनं पोर हरवली होती म्हून. हौदाचं झाकण आता कुलूप लावून ठेवतात म्हणे. जाऊबाईच लावतात.

आता आम्ही नागपूरच्या अलीकडं हावोत. परवा घरी पोचू. आठ दिवसांची सुट्टी हाय, परत साऱ्यांना भेटायचं, फुलंब्री, चिकलठाणा. हे म्हणतात, औंदा काही झालं तरी पोरीला शाळेत टाकायचं, फुलंब्रीला तुझ्या आईकडं ठेवू. आईला आता डोळ्यानं नीट दिसत नाय, अन् पोरगी म्हणती मला मोठ्या आईकडंच जायचं. मी खरं सांगितलं तर जाऊबाई सुटतील अन् पोरगी त्यांच्याकडं राहील, तोंडाच्या घुर्रर्रवर झोपंल, अन् मी त्या फळीकडं पाहत आसामला जाईन. अन् यांना कळंल की मी यांना बी वर्षभर स्वतःची चूक धरू दिली. नाय सांगितलं तर ती बाई जलमभर पोर हरवणारी राहील, अन् ती हौदात उतरली होती, पोहता येत नसून, माझ्या पोरीसाठी, मी नव्हते उतरले.

हे पुढं टायर पाहायलेत, मला हाक मारतील आता. तुमच्यात कुणी आई असंल तर तिनंच सांगावं. त्या दोन रिंगांच्या मधी तुम्ही काय बोलला असता? चपला हातात आल्या तवा? अन् परवा दारात गाडी थांबंल, जाऊबाई बाहेर येतील, पायरीवर चढून आधी पडदा सारतील. तवा तुम्ही काय केलं असतं?